कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाडू, इंजिनिअर म्हणतो हात लावू नका. आता मी कुणाचं ऐकू?

पत्र थोडक्यात: मुंबईजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे, वय ४३, बँकेत नोकरी. १९८९ च्या चार मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. सासूबाई वर्षभरापासून वॉकर घेऊन चालतात, दोनदा पडल्यात, आणि किचनमध्ये काम करताना त्या हॉलमध्ये दिसत नाहीत म्हणून किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचं घरात ठरलं. पंचवीस वर्षं काम करणारा, माहितीतला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला "ताई, नुसती विटांची भिंत आहे, दोन दिवसांत पाडून देतो." सोसायटीच्या सेक्रेटरींनी अडवलं म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. ते अर्धा तास थांबले, पाच हजार घेतले आणि "ही भिंत लोड-बेअरिंग (म्हणजे वरचं वजन पेलणारी) आहे, हात लावू नका" एवढंच म्हणून गेले. मिस्टर स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, त्यांनी बरेच व्हिडिओ बघून, ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर आकडे टाकून ठरवलंय की काही होत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी सहा वर्षांपूर्वी अशीच भिंत काढली आणि त्यांचं सगळं व्यवस्थित आहे. ताई विचारतात, "हे तज्ज्ञ लोक स्वतःची मान अडकू नये म्हणून नाहीच म्हणतात ना? तेही चुकतातच की. मला यातलं काही कळत नाही, मग मी ठरवू तरी कसं?"

---

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे "मला यातलं काही कळत नाही". तुम्ही ते कमीपणा घेऊन लिहिलंय असं वाटलं, पण या अख्ख्या प्रकरणात आपल्याला काय माहीत नाही हे सरळ बोलून दाखवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात, आणि म्हणूनच हा निर्णय तुमच्या हातात असावा असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगते कारण ती थांबण्यासारखी नाही. वरच्यांनी भिंत काढली ही गोष्ट तुम्ही इंजिनिअरना सांगितली होती का? पत्रात ती "त्यांचं काही झालं नाही" याचा पुरावा म्हणून आलीय. मी ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सांगितलं नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी त्यांना फोन करा. का ते पुढे सांगते.

आता कॉन्ट्रॅक्टर. तो तुम्हाला फसवतोय असं मला अजिबात वाटत नाही, तो मनापासून बोलत असणार. पंचवीस वर्षांत त्याने शंभर भिंती पाडल्या असतील, आणि त्याच्या हातात खरंच ज्ञान आहे, गिलावा कुठे पोकळ वाजतो, बाथरूमचं पाणी कुठून झिरपतं, टाईल कुठे उचलणार हे त्याला इंजिनिअरपेक्षा चांगलं कळेल. पण थोडा विचार करा, हे ज्ञान त्याला कसं मिळालं? गिलाव्याला तडा गेला तर आठवड्यात फोन येतो, बाथरूम गळलं तर खालचा माणूस भांडायला येतो, म्हणजे चुकलं की ते त्याच्यापर्यंत पोचतं आणि तो शिकतो. भिंत पाडल्यानंतर मात्र तो राडारोडा गोणीत भरून, पैसे घेऊन पुढच्या साईटवर जातो. सात वर्षांनी वरचा स्लॅब अर्धा इंच खाली आला तर ते त्याला कोण सांगणार? त्या घरात तेव्हा दुसरंच बिऱ्हाड असतं. म्हणजे पाडण्याचा अनुभव पंचवीस वर्षांचा आहे हे खरं, पण पाडल्यावर काय होतं याचा अनुभव त्याच्याकडे जवळजवळ नाही, आणि हे त्याला स्वतःलाही जाणवत नसणार.

तुमच्या मिस्टरांचं थोडं वेगळं आहे. त्यांना फॉर्म्युला कळतो, आणि कळणाऱ्या माणसाला थांबवणं जास्त अवघड असतं. त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते, त्यांना वाचायला द्या.

१९८९ च्या अशा चार मजली बिल्डिंगमध्ये दोन प्रकार सापडतात. एक आरसीसी फ्रेम, म्हणजे वजन कॉलम आणि बीम घेतात, मधल्या भिंती नुसत्या आडोशाला. दुसरा लोड-बेअरिंग, म्हणजे स्लॅब थेट भिंतींवरच टेकलेला असतो आणि प्रत्येक मजल्याची भिंत खालच्या मजल्याच्या भिंतीवर. काही बिल्डिंगांत दोन्ही मिसळलेलं असतं, पुढे दुकानांसाठी कॉलम आणि मागे भिंती. सगळे म्हणतात साडेचार इंची भिंत म्हणजे पार्टिशन आणि नऊ इंची म्हणजे वजन घेणारी, पण तेवढ्यावर ठरत नाही, फ्रेमच्या बिल्डिंगमध्येही बाहेरच्या भिंती नऊ इंची असतात आणि वजन घेत नाहीत. वाजवून तर काहीच कळत नाही. आणि वजन म्हणजे किती तर दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत साधारण ४ टनांच्या घरात जाते, स्लॅबचं आणि माणसांसामानाचं वजन वेगळं.

समजा स्लॅब दोन बाजूच्या भिंतींवर आणि मध्ये तुमच्या या भिंतीवर टेकलाय. मधली काढली की अंतर दुप्पट होतं, पण स्लॅबला वाकवणारा जोर दुप्पट नाही, साधारण चौपट होतो, कारण तो अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हे मिस्टरांना माहीतच असणार. पण त्याहून मोठी गोम अशी की मध्ये आधार असतो तिथे स्लॅब वरच्या बाजूने ताणला जातो, म्हणून तिथल्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला टाकलेल्या असतात. आधार काढला की त्याच जागी ताण खालच्या बाजूला येतो, आणि तिथे पुरेशा सळ्या असतीलच असं नाही. कॅल्क्युलेटर विचारतो सपोर्ट कसा आहे, सळी किती जाडीची, किती अंतरावर, काँक्रीटची ताकद किती, आणि तुमच्याकडे १९८९ ची ड्रॉइंग्ज नाहीत. मग त्या चौकटींमध्ये मिस्टरांनी काय भरलं? अंदाज. फॉर्म्युला बरोबर, बेरीज बरोबर, पण आत गेलेले आकडेच अंदाजाचे असतील तर आलेल्या उत्तराला काय धरायचं?

त्यांना एक विचारून बघा, चिडवायला नाही, खरंच विचारा. त्यांच्या प्लांटमध्ये उद्या एखादा हुशार सिव्हिल इंजिनिअर आला, मशीन बाहेरून बघून म्हणाला की हा ब्रॅकेट काढला तरी चालेल, मी हिशोब केलाय, तर ते काढू देतील का? आधी विचारतील की तू हे मशीन कधी उघडलंयस का.

आता "तज्ज्ञही चुकतात". हो, चुकतात, आणि चुकतात तेव्हा भयंकर चुकतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १७ जुलै १९८१ ला एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत छताला टांगलेले पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये वरचा आणि खालचा असे दोन पूल एकाच लांब सळीला धरले होते. बनवताना ते गैरसोयीचं होतं म्हणून एका लांब सळीऐवजी दोन आखूड सळ्या आल्या, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला जवळपास सारखंच दिसतं, पण आता खालचा पूल वरच्या पुलाला लटकत होता आणि वरच्या पुलाच्या जोडावरचं वजन दुप्पट झालं. हा बदल इंजिनिअरांच्या नजरेखालून गेला, कुणी नवा हिशोब केला नाही, आणि पुढे त्यांचे परवाने गेले. ही गोष्ट तुमच्या बाजूची वाटेल, बघा इंजिनिअरही चुकतात म्हणून. पण ते नक्की कुठे चुकले ते बघा. "एवढ्याने काय होतंय" म्हणून बदल करताना हिशोब करायचा राहिला, तिथे चुकले. म्हणजे तज्ज्ञ चुकतात यावरून आपण त्यांच्याकडे जास्त हिशोब मागायला हवा, मुळीच हिशोब न करणाऱ्याचं ऐकावं असं त्यातून निघत नाही. मी तुम्हाला त्या इंजिनिअरसाहेबांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं सांगतच नाहीये. त्यांनी काय बघितलं, काय मोजलं, आणि कशाखाली सही करायला तयार आहेत, त्यावर ठेवा.

आणि तुमची त्यांच्याबद्दलची तक्रार मला पटते. पाच हजार घेऊन अर्ध्या तासात एक वाक्य टाकून जाणं बरोबर नाही, कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तुटकपणे बोललेलं उत्तर चुकीचंच असतं असं नाही, आणि गोड बोलणाऱ्याचं बरोबरच असतं असंही नाही. आपल्याला विषय कळत नसला की आपण नकळत माणसाच्या वागण्याला मार्क देतो, मीही देते. कॉन्ट्रॅक्टर घरी येऊन चहा घेतो, ताई म्हणतो, सासूबाईंची चौकशी करतो. पण भिंतीच्या बाबतीत या सगळ्याचा उपयोग शून्य.

राहिला मान अडकण्याचा मुद्दा. मान अडकते म्हणूनच माणूस जपून बोलतो, आणि तो तुमचा फायदाच आहे. कॉन्ट्रॅक्टरची मान कुठेच अडकलेली नाही, म्हणून त्याला हो म्हणणं सोपं जातं. अर्थात कधीकधी इंजिनिअर खरंच उगीच नाही म्हणतात, कटकट नको म्हणून, ते ओळखायचं कसं ते पुढे लिहिते.

एक आठवण सांगते. माझ्या मामांच्या घराचा बेडरूमचा दरवाजा चौकटीत अडकायला लागला. पावसाळा होता, सगळे म्हणाले लाकूड फुगलंय. सुताराने वरच्या कडेला रंधा मारला, दरवाजा नीट लागायला लागला. दिवाळीत परत अडकला, परत रंधा. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा अडकला तेव्हा सुतार स्वतःच म्हणाला की मामा, आता कोरड्या दिवसात लाकूड कशाने फुगेल, हे माझं काम नाही, तुम्ही कुणाला तरी दाखवा. मला त्या सुताराचं फार कौतुक वाटतं, अजून वाटतं. मग एक वयस्कर इंजिनिअर आले. ते दरवाज्याकडे बघेचनात, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली केसासारखी भेग बघत बसले. त्यांनी बोटाएवढी काचेची पातळ पट्टी मागवली, भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. मामांनी विचारलं, काय झालंय? ते म्हणाले, "अजून मला माहीत नाही. भेग जुनी आहे की चालू आहे ते ही काच सांगेल." तिसऱ्या आठवड्यात सकाळी मामी केर काढत असताना तिला काच मधोमध तडकलेली दिसली. भेग चालू होती. खालच्या गाळ्यात दुकान मोठं करताना मधली भिंत काढली होती आणि वरून रंगरंगोटी केली होती. त्याच दिवशी खाली लोखंडी टेकू लागले.

म्हणून सांगते, तुम्हाला भिंत वाचता येत नसली तरी माणसं कशी उत्तरं देतात हे वाचता येतं. बँकेत कर्जाची फाईल बघताना तुम्ही हेच करत असाल ना, धंद्यातलं सगळं तुम्हाला कळत नाही, पण समोरचा आकड्यांना उत्तर देतोय की टाळतोय ते कळतं. दोघांना तेच चार प्रश्न विचारा. तुम्ही नेमकं काय बघून हे म्हणताय? तुम्हाला यात काय माहीत नाही? काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? आणि तुमचं चुकलं तर काय होईल? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला काम येतं तो पटकन सांगेल की मी प्लास्टर काढून बघितलेलं नाही, सळ्या कुठे आहेत माहीत नाही, वरचा मजला बघितलेला नाही. "मला सगळं माहीत आहे, काही होत नाही" असं उत्तर आलं तर तिथेच सावध व्हा, मग ते कुणाकडूनही येवो, इंजिनिअरकडूनही. आणि टाळाटाळीचा "नाही" इथेच उघडा पडतो, कारण त्याच्याकडे "काय बघून" याचं उत्तर नसतं. हे प्रश्न डॉक्टरांना, वकिलांना, पैशाचा सल्ला देणाऱ्यालाही चालतात, ज्यांना असाच पेच पडलाय त्यांनी खुशाल वापरावेत.

यात तुमचंही एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणीच करू शकत नाही. स्ट्रक्चर इंजिनिअरला कळतं, पण हे घर तुम्हाला कळतं. कुठला दरवाजा अडकतो, कुठली भेग रंगाखाली गेलीय आणि परत वर येते, वरच्यांचं बाथरूम किती वर्षं गळत होतं, स्लॅबचा पोपडा कुठे पडला होता. अर्ध्या तासात त्यांना हे दिसणार नाही आणि विचारायचं सुचेलच असंही नाही, म्हणून कागदावर लिहून द्या.

आता वरच्या भिंतीचं. त्यांनी ती काढली तेव्हा त्यावरचं वजन हवेत गेलं नाही, ते कुठून तरी खाली येतंय. भिंतीच्या जागी वजन घ्यायला त्यांनी लोखंडी गर्डर टाकला असेल तर त्याची टोकं कुठे टेकवलीत? टाकलाच नसेल तर बाजूच्या भिंतींवर जास्तीचा भार आलाय, आणि त्या भिंती तुमच्या घरातून खाली जातात. सहा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ आत्तापर्यंत बिल्डिंगने सांभाळून घेतलं, कदाचित तुमच्या याच भिंतीच्या जोरावर. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला एक चार मजली बिल्डिंग पडली, १७ जण गेले, तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात बांधकामाला धक्का लावल्याचा आरोप झाला. तिथे वर राहणाऱ्यांपैकी कितीजणांना खाली नक्की काय काढलंय हे माहीत असेल? तुमच्या खाली आणि शेजारीही माणसं राहतात ताई. भिंत तुमच्या घरातली आहे, पण तिच्यावर उभे असलेले सगळे तुमच्या घरचे नाहीत. म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आणि महापालिकेची मंजुरी लागते, सेक्रेटरींनी अडवलं त्याचा राग मानू नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवी. तुमचं शेवटचं ऑडिट कधी झालं आणि त्यात वरच्या भिंतीची नोंद आहे का हे विचारा. वरच्यांशी संबंध बिघडतील ही भीती मला कळते, पण हे लपवून ठेवण्यासारखं नाही.

मग करायचं काय? सेकंड ओपिनियन नक्की घ्या, पण दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, महापालिकेचं लायसन्स असलेल्या, आणि पहिल्याने काय सांगितलं ते आधी न सांगता. बोलावण्याआधी नवराबायकोने एकमेकांना शब्द द्या की दोन्ही इंजिनिअरांचं सारखं आलं तर विषय बंद. नाहीतर पाचजणांचं नाही ऐकून सहाव्याचं हो घेऊन येणं होईल, आणि तो सहावा मिळतोच. खर्च होईल, पण टाईल चुकली तर बदलता येते, भिंत चुकली तर परत लावता येत नाही. अशा ठिकाणी मी स्वतःच्या मताला कमी आणि जाणकाराच्या मताला जास्त वजन देईन. किचनच्या ओट्याचा रंग ठरवायला मात्र कुणा तज्ज्ञाची गरज नाही.

कधीकधी मार्ग निघतो. इंजिनिअर डिझाईन करून देतात, आधी टेकू, मग लोखंडी गर्डर, मग टप्प्याटप्प्याने भिंत. पण वरचा मजला असा असताना तुमच्याकडे ते जमेल की नाही हे मी सांगू शकत नाही, ते दोन इंजिनिअरांपैकी एकाला ड्रॉइंगवर सही करून सांगू दे. आणि भिंतीत छोटी खिडकी पाडू का, दरवाजा सहा इंच रुंद करू का, हेही त्यांना विचारूनच, वजन घेणाऱ्या भिंतीत भोकही तसंच पाडायचं नसतं.

शेवटी मूळ गोष्टीकडे येते, सासूबाई. तुम्हाला भिंत नको होती असं नाही, तुम्हाला त्या दिसायला हव्या होत्या. किचनच्या दरवाज्याची फळीच काढून टाका, नुसती चौकट ठेवा, बिजागरीकडची जागा मोकळी होऊन वॉकरलाही थोडं बरं पडेल. त्यांची खुर्ची दरवाज्याच्या सरळ रेषेत आणा, टीव्ही त्याप्रमाणे फिरवा. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावला तर ओट्याजवळून मागे वळूनही बघावं लागत नाही, माझ्या ओळखीच्या एका घरात हे केलंय आणि आजींना आवडलं कारण त्यांनाही सून दिसते. बेल हाताशी ठेवा. पॅसेजमधलं चपलांचं कपाट हलवा, खुर्चीपासून बाथरूमपर्यंत भिंतीला पकडायला दांडी लावा. दांडी लावताना तुमच्या त्या कॉन्ट्रॅक्टरलाच बोलावा, कुठली भिंत ती धरेल आणि किती लांब स्क्रू लागेल हे त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. आणि सासूबाई दोनदा का पडल्या, चक्कर आली की पाय अडकला, हे डॉक्टरांना विचारलंय का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही.

पण आधी तो फोन. वरची भिंत सहा वर्षांपूर्वी काढलीय, एवढं एक वाक्य इंजिनिअरना आज सांगा.